पहिली डिस्क म्हणजे कोणती? सर्व्हर, बूट ऑर्डर आणि नावांचा घोळ



मागच्या व्याख्यानाच्या शेवटी मी म्हणालो होतो, की पुढच्या वेळी नाव आणि ज्याचं ते नाव ती वस्तू, यांच्यातल्या संबंधाबद्दल बोलू. तो विषय मी सोडलेला नाही. पण मधल्या काळात आपल्या मंडळाचा सर्व्हर तीन दिवस बंद होता. काहींनी फोन करून विचारलं, की जुनी व्याख्यानं ऐकायला का मिळत नाहीत. त्याचं उत्तर आणि आजचा विषय एकच आहे असं माझ्या लक्षात आलं, म्हणून आज आपण सर्व्हरपासूनच सुरुवात करू.

एक खुलासा आधी. मी संगणकाचा माणूस नव्हे. माझी ३४ वर्षं तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर हा सर्व्हर माझ्या गळ्यात पडला, कारण मंडळात कुणाला वेळ नव्हता आणि मला होता. (हशा) त्यामुळे मी जे सांगणार आहे ते हात पोळून शिकलेलं आहे. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल. पण ज्यांच्या घरी, शाळेत, संस्थेत असं एखादं चार डिस्कचं यंत्र कोपऱ्यात घरघरत असतं, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

तर यंत्र असं आहे. एक साधं कॅबिनेट, जुना मदरबोर्ड. त्यात २४० जीबीची एक एसएसडी, तिच्यावर लिनक्स. म्हणजे यंत्र जिच्यावरून सुरू होतं ती डिस्क. शिवाय ४ टीबीच्या दोन डिस्क, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. एकीवर सगळी ध्वनिमुद्रणं, दुसरीवर त्यांची प्रत. प्रत आम्ही अधूनमधून काढतो. ‘अधूनमधून’ हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे. तर एका सदस्याने आपल्या घरच्या संगणकातली २ टीबीची जुनी डिस्क मंडळाला भेट दिली. मी यंत्र बंद केलं, ती डिस्क आत बसवली, केबल लावली, यंत्र सुरू केलं. पडदा काळा आणि वर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ : बूटएमजीआर सापडत नाही, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा.

दाबलं. पुन्हा तेच. दहा वेळा दाबलं. माणूस अशा वेळी का दाबत राहतो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

ओळखीच्या एका तंत्रज्ञाला बोलावलं. भला माणूस, लगेच आला. पडदा पाहून म्हणाला, “सर, तुमची एसएसडी गेली. नाहीतर त्यावरची सिस्टिम तरी उडाली. पेनड्राइव्हवरून नवीन टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम.” त्याने पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर सुरू झाला आणि पडद्यावर प्रश्न आला, की सिस्टिम कुठल्या डिस्कवर टाकू? त्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. तंत्रज्ञाने मला विचारलं, “सिस्टिमची डिस्क कुठली हो, सर?” मी कॅबिनेटवर चिकटवलेल्या कागदाकडे बघितलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : एसडीए – सिस्टिम. एसडीबी – मूळ मुद्रणं. एसडीसी – प्रत. मी म्हणालो, “एसडीए.” त्याने एसडीएवर क्लिक केलं. पुढच्या ‘होय’वर बाण गेला आणि तेवढ्यात मला त्या ओळीच्या टोकाला लिहिलेला आकार दिसला. ४ टीबी.

सिस्टिमची डिस्क २४० जीबीची. मग ४ टीबीची एसडीए कुठून आली?

मी त्याचा हात धरला. अक्षरशः धरला. ती मूळ मुद्रणांची डिस्क होती. आणि प्रत कधी काढली होती? दोन महिन्यांपूर्वी. अधूनमधून.

आता हे असं का झालं, ते नीट समजून घेऊ. आपण समजतो की यंत्राच्या आत डिस्क ओळीने बसलेल्या आहेत, पहिली, दुसरी, तिसरी, आणि यंत्रालाही तोच क्रम माहीत आहे. ही समजूत चुकीची आहे. यंत्र सुरू होताना एकामागून एक तीन वेगवेगळे कारभारी येतात आणि प्रत्येक जण डिस्क आपापल्या पद्धतीने मोजतो. आधीच्याने कसं मोजलं ते पुढचा विचारतही नाही.

पहिला कारभारी फर्मवेअर. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. वीज आली की हा जागा होतो, मेमरी तपासतो आणि त्याच्याकडच्या यादीत जी डिस्क पहिली असेल तिच्याकडे जातो. बायोस तिच्यावरचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो. एवढेसेच. त्यात ४४६ बाइट सुरुवातीचा प्रोग्रॅम, ६४ बाइट पार्टिशनचा तक्ता आणि शेवटी २ बाइटची खूण. ती खूण सापडली की बायोसचं समाधान झालं. आत काय लिहिलंय, ते आपल्या कामाचं आहे का, हे तो बघत नाही. सरळ सूत्रं त्या प्रोग्रॅमच्या हाती देतो आणि मोकळा होतो. सरकारी कचेरीत शिक्का आहे ना, मग अर्ज पुढे, तसं.

दुसरा कारभारी बूटलोडर. लिनक्समध्ये बहुधा ग्रब. त्या ५१२ बाइटांत त्याचा एक छोटा तुकडा असतो, तो आपल्या मोठ्या भागाला बोलावतो. ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो, एचडी शून्य, एचडी एक, आणि जुन्या पद्धतीच्या यंत्रात हा क्रम त्याला बायोसकडून मिळतो.

तिसरा कारभारी लिनक्सचं कर्नल. ते जागं झालं की डिस्क नव्याने शोधतं. जी जशी सापडेल तसं तिला अक्षर देतं : एसडीए, एसडीबी, एसडीसी. लावलेला पेनड्राइव्हही याच रांगेत उभा राहतो आणि एक अक्षर घेऊन जातो. शोध एकाच वेळी अनेक बाजूंनी चालतो. एखादी डिस्क फिरायला दोन सेकंद जास्त घेते, एखादं जादा कंट्रोलर कार्ड आधी उत्तर देतं. म्हणजे काल जी एसडीए होती ती आज एसडीबी असू शकते, एकही केबल न हलवता. असं रोज होत नाही. वर्षानुवर्षं होत नाही. म्हणूनच ते घातक आहे, कारण तोपर्यंत आपण कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवलेलं असतं.

लग्नाच्या पंगतीचं उदाहरण घ्या. यजमान वाढप्याला सांगतो, “तिसऱ्या पानावर जिलबी वाढू नकोस, त्यांना मधुमेह आहे.” सांगताना ते बरोबरच होतं. पण मधल्या वेळात एक काका उठून पंख्याखाली गेले आणि सगळे एकेक पान सरकले. आता जिलबी कुणाला मिळेल आणि कुणाला नाही? ‘तिसरं पान’ हे माणसाचं नाव नव्हतं. ती एक जागा होती आणि त्या क्षणी तिथे तो माणूस बसला होता, इतकंच.

सॉल क्रिपके या अमेरिकन तत्त्वज्ञाने जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला नावांविषयी तीन व्याख्यानं दिली. हाती लिखित मजकूर न घेता दिलेली ती व्याख्यानं पुढे उतरवून काढली गेली आणि छापली गेली, म्हणजे आपण या मालिकेत जे करतो तेच. त्यांचा एक मुद्दा थोडक्यात असा, की खरं नाव हे परिस्थिती बदलली तरी त्याच व्यक्तीला धरून राहतं, पण वर्णन तसं राहीलच असं नाही. ‘वर्गात पहिला आलेला मुलगा’ हे वर्णन आहे. पेपर जरा वेगळा निघाला असता तर ते दुसऱ्याच मुलाला लागू पडलं असतं. एसडीए हे दिसतं नावासारखं, पण आहे वर्णन : ‘या वेळी सर्वांत आधी सापडलेली डिस्क’. आमचा घोटाळा सगळा इथे आहे. मी वर्णनाला नाव समजलो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने! (हशा)

हसा, पण यातला एक भाग हसण्यासारखा नाही. तो आज सांगून टाकतो. हे माझ्या हातून आधी एकदा झालं आहे. २०१९ च्या मे महिन्यात मी प्रतीची डिस्क पुसून नव्याने प्रत काढायला बसलो होतो. कागदावर तेव्हा ‘एसडीबी – प्रत’ असं होतं. त्या सकाळी वीज जाऊन आली होती, यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं होतं आणि अक्षरांची अदलाबदल झाली होती. दोन्ही डिस्क ४ टीबीच्या, एकाच मॉडेलच्या, म्हणजे आकार पाहून कळायचा प्रश्नच नव्हता. मी एसडीबी फॉरमॅट केली. ती मूळ होती. प्रतीवरून बहुतेक सगळं परत मिळालं. पण त्याच आठवड्यात आम्ही आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यांची ११ व्याख्यानं कॅसेटवरून उतरवून घेतली होती. ती प्रतीवर गेलेली नव्हती. कॅसेटना बुरशी लागलेली, फीत एकदाच कशीबशी चालली होती. दुसऱ्यांदा लावल्यावर ४ निघाली. ७ गेली.

त्यानंतर मी काय करावं? तो कागद फाडायला हवा होता. मी तो दुरुस्त केला. एसडीबीच्या जागी एसडीसी लिहिलं. म्हणजे चूक कुठे आहे हे मला कळलंच नव्हतं. मला वाटलं, कागदावरची माहिती चुकीची होती. प्रत्यक्षात त्या कागदाची कल्पनाच चुकीची होती.

असो. परत त्या काळ्या पडद्याकडे येऊ.

तंत्रज्ञ गेल्यावर मी मंडळात येणाऱ्या एका मुलीला फोन केला. ती संगणक अभियांत्रिकी शिकते. तिने विचारलं, “सर, पडद्यावर नेमकं काय लिहिलंय? शब्दन् शब्द वाचा.” मी वाचलं. ती म्हणाली, “सर, बूटएमजीआर हे विंडोजचं असतं. आपल्या सर्व्हरवर विंडोज आहे का?”

नाही! आमच्या यंत्रात विंडोज कधीच नव्हतं. म्हणजे ही ओळ आमची एसएसडी बोलतच नव्हती. दुसरंच कुणी बोलत होतं. दारावर टकटक झाली, आपण विचारलं ‘कोण?’ आणि उत्तर अनोळखी आवाजात आलं, तर घरातला माणूस आजारी आहे असं आपण म्हणत नाही, बाहेर दुसरा कुणी उभा आहे असं म्हणतो. भेट मिळालेल्या डिस्कवर पूर्वी विंडोज होतं. देण्याआधी सदस्याने ती रिकामी केली होती, पण विंडोजमध्ये फॉरमॅट केलेल्या पार्टिशनच्या सुरुवातीला एक छोटा प्रोग्रॅम राहतो. पुढची फाइल सापडली नाही की तो तक्रार करतो. बायोसने नव्या पाहुण्या डिस्कला यादीत पहिलं बसवलं होतं, शिक्का पाहून सूत्रं तिच्या हाती दिली होती आणि ती डिस्क आपल्या जुन्या मालकाची आठवण काढत बसली होती. आमची एसएसडी पूर्ण धडधाकट होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की पडद्यावरची ओळ नीट वाचा, शक्य तर फोटो काढा. यंत्र कुठवर पोचून थांबलं, म्हणजे कुठल्या कारभाऱ्यापाशी अडलं, ते ती ओळ सांगते. ‘बूट करण्याजोगं डिव्हाइस नाही’ अशा अर्थाचा संदेश असेल, तर अडचण फर्मवेअरपाशी आहे. ग्रब रेस्क्यू असं लिहून चौकट लुकलुकत असेल, तर बायोसने काम केलं, ग्रबचा छोटा तुकडाही जागा झाला, पण त्याला स्वतःचा उरलेला भाग सापडत नाही. बहुधा तो ज्या डिस्कवर होता ती काढली गेली आहे किंवा पार्टिशन बदललं आहे. कर्नलच्या ओळी धावल्या आणि मग अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही असं म्हणून इनिटरॅमएफएसपाशी थांबलं, तर पहिले दोघे निर्दोष आहेत. कर्नलला मुख्य डिस्क दिसत नाही किंवा ती दिसायला वेळ लागतो आहे. आणि एखादी डिस्क काढल्यावर यंत्र दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जात असेल, तर एफएसटॅब या फाइलीत त्या काढलेल्या डिस्कचं नाव अजून आहे. तिची ९० सेकंद वाट पाहिली जाते, मग यंत्र हात टेकतं. तिथे त्या ओळीत नोफेल हा शब्द घातला की एका गैरहजर डिस्कसाठी सगळं घर उपाशी राहत नाही.

चार ठिकाणं, चार वेगळे उपाय. आणि यातल्या एकाही ठिकाणी पहिला उपाय ‘नवीन सिस्टिम टाका’ हा नाही.

फर्मवेअरपाशी अडलं असेल तर काय बघायचं? यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून सेटअपमध्ये जा. आधी हे बघा, की डिस्क दिसते तरी का. दिसत नसेल तर क्रमाचा प्रश्नच नाही, केबल बघा. इथे एक गंमत आहे : कित्येक मदरबोर्डांवर एम-टूच्या खाचेत एसएसडी बसवली की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लोक नवी एसएसडी बसवतात, जुनी डिस्क गायब होते आणि ती बिघडली असं समजून टाकून देतात.

डिस्क दिसत असेल तर यादी बघा. बऱ्याच जुन्या बायोसांत याद्या दोन असतात. वरच्या यादीत फक्त प्रकार : हार्ड डिस्क, डीव्हीडी, यूएसबी. हार्ड डिस्कांपैकी कुठली पहिली, हे ठरवणारी यादी वेगळ्याच पानावर असते. मी स्वतः वरच्या यादीत हार्ड डिस्क पहिली करून तासभर डोकं आपटलं होतं. ती पहिलीच होती. प्रश्न कुठली हार्ड डिस्क हा होता. आणि कायमचा बदल करण्याआधी तात्पुरता बूट मेनू वापरा, एफ-११, एफ-१२ किंवा तुमच्या बोर्डावर जी कळ असेल ती. त्यातून एकदाच हवी ती डिस्क निवडून बघता येते. यंत्र सुरू झालं, तर निदान पक्कं आणि बिघडलं काहीच नाही.

यादी बरोबर लावली आणि महिन्याभराने पुन्हा उलटली, असं झालं तर बोर्डावरचा रुपयाएवढा सेल बघा, सीआर-२०३२, ३ व्होल्टचा. तो संपला की अनेक बोर्डांवर वीज गेल्यावर सेटिंग विसरली जातात आणि क्रम मुळावर येतो. फार स्वस्त वस्तू आहे. तिच्यापायी लोकांनी मदरबोर्ड बदललेले आहेत.

आमच्या बाबतीत त्या मुलीने फोनवरून जे करायला सांगितलं ते यापेक्षाही साधं होतं. “सर, यंत्र बंद करा, विजेची केबल काढा. मग एसएसडी सोडून सगळ्या डिस्कच्या डेटा केबल काढा. आणि सुरू करा.” सुरू झालं. मग बंद करून एक डिस्क, सुरू. बंद करून दुसरी, सुरू. तिसरी लावली, म्हणजे भेटीची, आणि बूटएमजीआर हजर. कारण हाती लागलं. नैयायिक याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात : हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं. या पद्धतीचा दुसरा फायदा असा, की केबल काढलेल्या डिस्कवर कुणी चुकूनही काही पुसू शकत नाही. इन्स्टॉलर चालवायचाच असेल तर मुद्रणांच्या डिस्क आधी सोडवून ठेवाव्यात. त्या दिवशी एवढं केलं असतं, तर मला कुणाचा हात धरावा लागला नसता.

आता नावांकडे परत येऊ. एसडीए हे नाव नाही म्हटलं, तर डिस्कचं नाव आहे तरी काय? इथे विषय खरा रंगतो, कारण उत्तर एक नाही, तीन आहेत. डिस्क कुठे बसली आहे, हे एक. अमुक कंट्रोलरचा अमुक पोर्ट. डिस्कचं शरीर कोणतं, हे दुसरं. म्हणजे कारखान्यात मिळालेला सीरियल नंबर, जो तिच्या अंगावरच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि यंत्रालाही वाचता येतो. आणि तिच्या आत काय आहे, हे तिसरं. म्हणजे फॉरमॅट करताना त्या फाइल सिस्टिमला मिळालेला यूयूआयडी, १२८ बिटांची खूण. लिनक्स या तिन्ही ओळखींनी डिस्क दाखवू शकतं. डेव्ह फोल्डरच्या आत डिस्क नावाचा फोल्डर आहे, त्यात बाय-पाथ, बाय-आयडी आणि बाय-यूयूआयडी असे वेगळे कप्पेच आहेत.

यातली कुठली ओळख वापरायची? तुम्ही काय विचारता आहात, यावर ते अवलंबून आहे. ‘सुरू झाल्यावर मुद्रणं इथे जोडून दे’ असं यंत्राला सांगायचं असेल, तर आतल्या मजकुराची ओळख द्या, यूयूआयडी. मग डिस्क कुठल्याही पोर्टवर लावा, तिला कुठलंही अक्षर मिळो, बिघडत नाही. आमच्या एफएसटॅबमध्ये आता सगळीकडे तेच आहे. उलट, पुसायचं असेल, डिस्क बदलायची असेल, तर शरीराची ओळख बघा, सीरियल नंबर. एलएसबीएलके या आज्ञेला सीरियल आणि आकार दाखवायला सांगितलं, की अक्षरासमोर ते येतात. मग स्टिकर डोळ्यांनी वाचायचा, शेवटचे चार आकडे जुळवायचे आणि मगच हात लावायचा. आणि कॅबिनेट उघडून नादुरुस्त डिस्क शोधायची असेल, तर जागा उपयोगी. त्यातही शेवटी नंबर जुळवूनच स्क्रू काढावा.

तुम्ही म्हणाल, यूयूआयडी तरी एकमेव असतो ना? असतो, प्रत काढेपर्यंत. त्या तीन दिवसांतलाच हा किस्सा. एसएसडीची काळजी वाटली म्हणून मी दुसरी एसएसडी आणून डीडीने तिची हुबेहूब प्रत काढली आणि दोन्ही तशाच जोडून ठेवल्या. नंतर एका सेटिंगच्या फाइलीत बदल केला. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर बदल गायब. परत केला, परत सुरू केलं, आता पहिला बदल दिसतो, दुसरा नाही! मला वाटलं, वय झालं.

झालं होतं असं, की डीडी बाइट न् बाइट उतरवतं. म्हणजे यूयूआयडीही तोच. दोन डिस्क एकच खूण सांगत होत्या आणि कर्नलला जी आधी सापडेल ती ते मुख्य म्हणून घेत होतं. कधी ही, कधी ती. लायबनिझचं एक तत्त्व आहे : ज्या दोन गोष्टींत कुठलाच फरक नाही त्या दोन नसून एकच आहेत. हेरेनहाउझेनच्या बागेत एका गृहस्थाने अगदी सारखी दोन पानं शोधायचा प्रयत्न केला आणि ती सापडली नाहीत, अशी गोष्ट तो सांगतो. आमच्या कॅबिनेटमध्ये ती पानं सापडली असं क्षणभर वाटलं. पण लायबनिझच जिंकला. मजकूर सारखा होता, शरीरं वेगळी होती. सीरियल नंबर बघताच दोन्ही वेगळ्या ओळखू आल्या. उपाय दोन : प्रत काढल्यावर एक डिस्क सोडवून कपाटात ठेवा. नाहीतर प्रतीला नवी खूण द्या. ईएक्सटी-फोरसाठी ट्यूनटूएफएस ते करतं, पण मग प्रतीवरच्या एफएसटॅबमध्ये आणि ग्रबमध्येही ती नवी खूण घालावी लागते. मी पहिला उपाय केला. कपाटाला कुलूप आहे.

वेळ संपत आली, पण दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, नव्या यूईएफआयच्या यंत्रांत हा त्रास नसतो ना?

कमी असतो. तिथे फर्मवेअर आपल्या स्मृतीत नोंदी ठेवतं आणि नोंदीत पार्टिशनची खूण आणि फाइलचा पत्ता असतो, ‘पहिली डिस्क’ असं नसतं. एफिबूटएमजीआर ही आज्ञा दिली की त्या नोंदी आणि त्यांचा क्रम दिसतो. पण काही बोर्डांना वाईट खोड आहे. डिस्क थोडा वेळ काढली की तिची नोंद पुसतात आणि परत लावल्यावर ती नोंद परत येत नाही. मघाशी सांगितलेली केबल काढायची पद्धत तिथे वापरली तर हे ध्यानात ठेवा. आधी नोंदींचा फोटो काढा. अशा वेळी डिस्कवर ईएफआय, बूट आणि मग बूटएक्स-६४ या ठरावीक पत्त्यावर बूटलोडरची प्रत असेल, तर नोंद नसतानाही बहुतेक यंत्रं ती शोधून काढतात.

प्रश्न : आमच्या शाळेत दोन डिस्क एकमेकींचा आरसा म्हणून लावल्या आहेत. एक गेली तर दुसरीवर चालेल म्हणाले होते. पहिली गेली आणि यंत्र सुरूच होईना.

मजकुराचा आरसा होता, पण ते पहिले ५१२ बाइट आरशाच्या बाहेर होते. ग्रब फक्त पहिल्या डिस्कवर बसवलेलं असणार. तुमचा डेटा सुखरूप आहे. आरशातल्या जोडीला क्रमाचं काही पडलेलं नसतं, प्रत्येकीवर जोडीची खूण लिहिलेली असते. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून उरलेल्या डिस्कवर ग्रब बसवायचं, आणि नवी जोडीदार आली की तिच्यावरही. मग एकदा यंत्र बंद करून पहिलीची केबल मुद्दाम काढून सुरू करून बघा. सुट्टीच्या दिवशी बघा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.

प्रश्न : एसडीए-एसडीबी हे इतकं फसवं असेल तर ते काढूनच का टाकत नाहीत?

कारण कर्नलला डिस्क वाचण्याआधी तिला काहीतरी म्हणावं लागतं. बारसं होईपर्यंत मूल नुसतं ‘बाळ’ असतं, तसं. एका खोलीत तीन बाळं असली तर पंचाईत होते, एवढंच. पूर्वी एचडीए-एचडीबी अशी नावं होती, ती केबलवरच्या जागेला बांधलेली असत, म्हणून जुन्या लोकांना ती पक्की वाटायची. २००६-०७ च्या सुमारास त्या डिस्कही एसडीच्या रांगेत आल्या. सवय मात्र आमची जुनीच राहिली.

प्रश्न : ती सात व्याख्यानं पुन्हा मिळण्याची काही शक्यता?

डिस्कवरून नाही. मी फॉरमॅट केल्यावर लगेच त्याच डिस्कवर प्रत ओतली होती, त्यामुळे खाली काही उरलेलं नाही. पण ती व्याख्यानं झाली तेव्हा सभागृहात लोक आपापले टेपरेकॉर्डर घेऊन येत, समोरच्या टेबलावर पाच-सहा तरी ठेवलेले असत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत तशा कॅसेट असतील, तर कृपा करून लावून बघू नका. बुरशी असेल तर फीत एकदाच चालते. मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर मी मंडळात असतो, तिथे आणून द्या. त्यांची प्रत त्याच संध्याकाळी निघेल.